मांजरांचा करोना-विकार व त्याचे उपद्रव



गेल्या वर्षीं श्रावणांतील एका दुपारीं, शाळा सुटल्यावर, पोलादपूरकडून एस्. टी. नें येणारा आठवीच्या वर्गांतील एक मुलगा दप्तर छातीशीं धरून दाराशीं उभा राहिला. त्याच्या घरीं नऊ महिन्यांचें मांजराचें पिलूं होतें. तें आठ दिवसांपासून नीट खात नाहीं, पाठीचा कणा हाताला लागतो, आणि पोट मात्र दिवसेंदिवस फुगत चाललें आहे, असें त्यानें सांगितलें व “सर, त्याला काय झालें असेल?” असें विचारलें. मीं फारसा विचार न करितां उत्तर दिलें, “जंत झाले असतील. जंताचें औषध द्या.” त्याच्या वडिलांनीं औषध आणून दिलें. पंधरा दिवसांनीं तें पिलूं मेलें.

त्यानंतर तो मुलगा पुन्हां आला. या वेळीं त्याचा प्रश्न अधिक कठीण होता. घरांत दुसरें एक मांजर होतें, आणि पाळण्यांत त्याची एक वर्षाची बहीण होती. कोणीतरी घरीं सांगितलें होतें कीं, पिलूं करोनानें मेलें. तेव्हां उरलेलें मांजर पोत्यांत घालून सावित्रीच्या पलीकडे सोडून यावें असें आजीनें ठरविलें होतें. “सर, आजी म्हणते तें खरें आहे का? बाळाला कांहीं होईल का? आणि मीं त्याला नीट सांभाळलें नाहीं म्हणून तें मेलें का?” या तीन प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर मजजवळ नव्हतें. “आठ दिवस थांबा, मी विचारून सांगतों,” एवढेंच मीं म्हणालों. मग मीं मुंबईच्या एका पशुवैद्यांस विचारलें, कांहीं ग्रंथ पाहिले, आणि जें समजलें तें आज येथें तुम्हां सर्वांपुढें ठेवीत आहें. पालकांनींही हा पाठ वाचावा अशी विनंती आहे. कारण घरांतील मांजर ठेवावें कीं टाकावें याचा निर्णय शेवटीं त्यांच्याच हातीं असतो.

(१) करोना हें नांव

ज्या रोगबीजांस आपण विषाणु म्हणतों तीं इतकीं सूक्ष्म असतात कीं, शाळेच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांतून तीं दिसत नाहींत. करोना जातीचे सुमारें दहा हजार विषाणू एका ओळींत मांडले तर ती ओळ जेमतेम एक मिलिमीटर भरेल. त्यांस पाहण्यासाठीं विद्युत्कणांचें सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें. जून आल्मेडा नांवाची एक स्त्री या यंत्राच्या कामांत फार निष्णात होती. ती ग्लासगो शहरांतील एका बस-चालकाची मुलगी. सोळाव्या वर्षीं तिला शाळा सोडावी लागली व रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत नोकरी धरावी लागली. या विषाणूंच्या भोंवतीं बारीक गोंड्यांचें वलय आहे असें तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं पाहिलें. तें वलय मुकुटासारखें दिसतें म्हणून १९६८ सालीं या कुळास ‘करोना’ हें नांव मिळालें. लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ मुकुट असा आहे.

या कुळाच्या चार शाखा आहेत. त्यांस आल्फा, बीटा, गॅमा व डेल्टा अशीं ग्रीक अक्षरांचीं नांवें दिलीं आहेत. २०२० सालीं ज्यानें सर्व जगास घरांत कोंडून ठेविलें तो विषाणु बीटा शाखेंतला. मांजरांच्या आंतड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला विषाणु आल्फा शाखेंतला. आपल्या महाड तालुक्यांत एकाच आडनांवाचीं पुष्कळ घरें आहेत, पण एका घराच्या कर्जासाठीं दुसऱ्या घरावर जप्ती येत नाहीं. तोच न्याय येथें लावावा. नांव एक आहे एवढ्यावरून दोन रोग एक होत नाहींत. मांजरांचा हा विषाणु माणसांस रोग करीत नाहीं.

(२) संसर्ग कसा होतो

हा विषाणु मांजराच्या विष्ठेंतून बाहेर पडतो व दुसऱ्या मांजराच्या तोंडावाटे आंत जातो. मांजर स्वच्छ प्राणी आहे. तें माती उकरून विष्ठा पुरतें, आणि मग आपले पंजे चाटतें. ज्या जागीं अनेक मांजरें विधि करितात त्या जागेची माती पंजांस लागते, पंजे चाटले जातात, आणि विषाणु पोटांत जातो. वाळलेल्या विष्ठेंत तो कित्येक आठवडे टिकूं शकतो.

उन्हाळ्यांत आपल्याकडील मांजर परसांत किंवा शेताच्या बांधावर जातें, व प्रत्येकास वेगळी जागा मिळते. परंतु आषाढ-श्रावणांत, जेव्हां आपल्या खोऱ्यांत दिवसच्या दिवस पाऊस थांबत नाहीं, तेव्हां घरांतील सारीं मांजरें पडवीचा एकच कोरडा कोपरा किंवा चुलीच्या राखेचा एकच ढीग धरितात. महाड शहरांतील इमारतींत राहणाऱ्या मांजरांस तर बारा महिने वाळूचा एकच टप असतो. जितकीं मांजरें अधिक व जागा कमी, तितका संसर्ग अधिक, हें उघड आहे.

आईच्या दुधांतून मिळालेलें संरक्षण पांच-सहा आठवड्यांत ओसरतें, व बहुधा त्याच सुमारास पिलांस हा विषाणु गांठतो. ज्या घरांत पुष्कळ मांजरें एकत्र आहेत तेथें बहुतेक सर्वांस तो केव्हां ना केव्हां होऊन जातो. त्यानें काय होतें? बहुधा कांहींच नाहीं. फार तर दोन-चार दिवस पातळ शौचास होतें, थोडी भूक मंदावते, आणि मांजर आपोआप बरें होतें. कांहीं आठवडे किंवा महिने त्याच्या विष्ठेंतून विषाणु पडत राहतो, नंतर तो थांबतो. थोडीं मांजरें मात्र निरोगी दिसत असूनही जन्मभर विषाणु बाहेर टाकीत राहतात. एकदां होऊन गेला म्हणजे पुन्हां होत नाहीं असेंही नाहीं.

(३) सौम्य विषाणु घातक कसा होतो

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. जो विषाणु शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक मांजरांस कांहीं करीत नाहीं, तोच उरलेल्या थोड्यांस ठार कसा मारतो?

मी फळ्यावर एक उतारा लिहितों आणि तुम्ही तो वहींत उतरवितां. कोणी एखादी वेलांटी चुकवितो, कोणी अनुस्वार गाळतो. त्या वहीवरून दुसऱ्यानें नक्कल केली तर पहिल्याची चूक कायम राहून आणखी एक नवी भर पडते. विषाणूच्या अंगीं असाच एक लेख असतो. मांजरांच्या करोना विषाणूचा लेख सुमारें २९ हजार अक्षरांचा आहे. मांजराच्या आंतड्यांत त्याच्या कोट्यवधि नकला निघतात, आणि त्यांत चुका होतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात किंवा त्या विषाणूसच निकामी करितात. परंतु क्वचित् एखादी चूक अशी घडते कीं, आंतड्याच्या पेशींत राहणारा विषाणु रक्तांतील पांढऱ्या पेशींत शिरून वाढूं लागतो. ज्या पेशींनीं चोरास धरावयाचें, त्यांच्याच खांद्यावर बसून चोर गांवभर फिरूं लागला, असा हा प्रकार होय.

पुढें काय होतें हें त्या मांजराच्या अंगच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून असतें. ती जोरदार व योग्य प्रकारची असेल तर विषाणु दडपला जातो. ती अपुरी असेल तर विषाणूनें भरलेल्या या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींस चिकटतात, तेथें दाह उत्पन्न होतो, आणि भिंती पाझरूं लागतात. रक्तांतील पाणी व प्रथिनें बाहेर झिरपून पोटाच्या किंवा छातीच्या पोकळींत सांचतात. या अवस्थेस इंग्रजी वैद्यकांत ‘फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस’, म्हणजे मांजरांचा सांसर्गिक उदरावरण-दाह, असें म्हणतात. पशुवैद्य थोडक्यांत ‘एफ. आय. पी.’ म्हणतात. अनेक मांजरें असलेल्या घरांत संसर्ग झालेल्या शंभर मांजरांपैकीं सुमारें पांच ते दहांस हा उपद्रव होतो असें मानितात. दोन वर्षांच्या आंतील मांजरांस तो विशेषेंकरून होतो.

येथें त्या मुलाच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. ही चूक पिलाच्या शरीरांत आपोआप घडते. ती कोणाच्या हयगयीनें घडत नाहीं, शिळें अन्न घातल्यानें घडत नाहीं, आणि पावसांत भिजल्यानेंही घडत नाहीं. गर्दी, घर बदलणें, शस्त्रक्रिया अशा ताणानें तिला वाव मिळतो, इतकेंच.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. हा बदललेला घातक विषाणु एका मांजरापासून दुसऱ्यास सहसा लागत नाहीं. जो पसरतो तो मूळचा सौम्य विषाणु. म्हणून एका घरांत एक पिलूं या रोगानें मेलें तरी दुसऱ्या मोठ्या मांजरास तोच रोग होईलच असें नाहीं; बहुधा होत नाहीं. या नियमास एक मोठा अपवाद अलीकडे घडला. २०२३ सालीं भूमध्य समुद्रांतील सायप्रस बेटावर मांजरांच्या व कुत्र्यांच्या करोना विषाणूंचे लेख एकमेकांत मिसळून एक नवा प्रकार निपजला, आणि तो मात्र मांजरापासून मांजरास थेट लागूं लागला. बेटावरील पुष्कळ मांजरें दगावलीं. तेव्हां त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत तेथील सरकारनें माणसांच्या करोनासाठीं ठेवलेल्या औषधाच्या सांठ्यांतून मांजरांस औषध देण्यास परवानगी दिली.

(४) लक्षणें

या उपद्रवाचे दोन प्रकार आहेत. पहिला ओला. त्यांत पोट हळूहळू फुगतें, पण दुखत असल्याचें सहसा दिसत नाहीं. पाठ व मांड्या मात्र वाळत जातात. पाणी छातींत सांचलें तर मांजरास धाप लागते, व तोंड उघडें टाकून तें श्वास घेऊं लागतें. दुसरा कोरडा. त्यांत पाणी सांचत नाहीं, पण यकृत, मूत्रपिंडें, डोळे किंवा मेंदू यांत दाहाच्या गांठी होतात. डोळ्यांचा रंग पालटतो किंवा ते गढूळ होतात; चाल लडखडते; कधीं झटके येतात; हिरड्या व कानांची आंतील बाजू पिवळी पडते. दोन्ही प्रकारांत ताप चढउतार करीत राहतो व नेहमींच्या जंतुनाशक औषधांनीं उतरत नाहीं. भूक जाते, वजन घटतें, आणि पिलूं वाढावयाचें थांबतें.

परंतु फुगलेलें पोट म्हणजे हाच रोग असेंही नव्हे. जंतांनींही पिलाचें पोट फुगतें, आणि तें पुष्कळदां घडतें. हृदयाचे व यकृताचे विकार, आंतील गांठी, इतकेंच काय गाभणेपण, या सर्वांनीं पोट मोठें दिसतें. मीं त्या मुलास जें उत्तर दिलें तें अशक्य कोटींतलें नव्हतें. माझी चूक ही कीं, न पाहतां दिलेलें उत्तर मीं खात्रीच्या सुरांत दिलें, आणि “पशुवैद्यांस दाखवा” हे दोन शब्द पुढें जोडले नाहींत.

(५) परीक्षा

या रोगाची निश्चिती एकाच चांचणीनें होत नाहीं. वैद्य अनेक गोष्टी जुळवून निर्णय करितात. त्यांतील एक चांचणी इतकी सोपी आहे कीं, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ती मुद्दाम सांगतों. ती रिवाल्टा नांवाच्या इटालियन वैद्यांच्या नांवानें ओळखिली जाते. एका परीक्षानळींत सात-आठ मिलिलिटर शुद्ध केलेलें पाणी घेऊन त्यांत तीव्र ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब मिसळतात. व्हिनेगर ज्या आम्लामुळें आंबट लागतो तेंच हें आम्ल. मग पशुवैद्यांनीं मांजराच्या पोटांतून सुईनें काढलेल्या द्रवाचा एक थेंब अलगद वर सोडतात. थेंब विरघळून नाहींसा झाला तर हा रोग नसण्याचा संभव मोठा. थेंब आपला आकार धरून राहिला, किंवा तंतु सोडीत सावकाश खालीं उतरला, तर त्या द्रवांत प्रथिनें व दाहाचे पदार्थ पुष्कळ आहेत असें समजतें, आणि या रोगाचा संशय बळावतो. दुधांत लिंबू पिळलें असतां दूध कां फाटतें हें तुम्ही शिकलां आहां. प्रथिनें व आम्ल यांचा तसाच कांहींसा संबंध येथेंही आहे. मात्र पोटांतील पू व कांहीं प्रकारच्या गांठी यांतही थेंब टिकतो. म्हणून एवढ्यावर न थांबतां त्या द्रवाची व रक्ताची पुढील तपासणी करावी लागते. द्रव काढण्याचें काम पशुवैद्यांचें आहे. तें घरीं कोणीही करून पाहूं नये.

(६) असाध्य रोग साध्य कसा झाला

या रोगाचें पहिलें स्पष्ट वर्णन १९६३ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथील पशुवैद्या जीन हॉल्झवर्थ यांनीं केलें. पुढें तो करोना विषाणूचा उपद्रव आहे असें ठरलें. १९८२-८३ सालीं ऑरेगन प्रांतांतील एका प्राणी-उद्यानांत हाच रोग चित्त्यांत शिरला व त्यांतील निम्म्याहून अधिक चित्ते मेले. सर्व चित्ते रक्तानें एकमेकांस फार जवळचे असतात. म्हणून एकास जें घातक ठरलें तें बहुतेकांस घातक ठरलें, असा शास्त्रज्ञांनीं त्याचा अर्थ लाविला.

पन्नासांहून अधिक वर्षें या रोगावर खरा उपाय नव्हता. ज्या मांजरास तो झाला तें कांहीं दिवसांत किंवा आठवड्यांत मरावयाचें, हें ठरलेलें होतें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंतील नील्स पीडरसन यांनीं सुमारें पन्नास वर्षें या एका रोगाचा पिच्छा पुरविला. विषाणूची नक्कल उतरविण्याची क्रिया बंद पाडणारें जी. एस. ४४१५२४ नांवाचें एक द्रव्य त्यांनीं हा रोग झालेल्या ३१ मांजरांस दिलें व त्याचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध केला. पांच मांजरें उपचार पुरा होण्यापूर्वींच दगावलीं किंवा त्यांस वेदनामुक्त करावें लागलें. २६ मांजरांनीं बारा आठवड्यांचा उपचार पुरा केला. कांहींस रोग उलटला म्हणून पुन्हां औषध द्यावें लागलें. आणि अखेर २५ मांजरें दीर्घकाल जगलीं. जेथें जवळजवळ सर्व मरत तेथें बहुतेक वांचूं लागलीं.

या द्रव्याचें एक भावंड तुमच्या घरांतील मोठ्या माणसांच्या चांगल्या ओळखीचें आहे. त्याचें नांव रेमडेसिविर. रेमडेसिविर शरीरांत गेल्यावर त्यापासून हेंच द्रव्य निर्माण होतें. २०२० सालापासून भारतांतील अनेक कारखान्यांत परवान्यानें तें औषध तयार होऊं लागलें, आणि २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या एका कुपीसाठीं महाराष्ट्रांत नातेवाईक औषधांच्या दुकानांपुढें रांगा लावून उभे होते. माणसांच्या साथीमुळें जें औषध घरोघर माहीत झालें, तें पुढें मांजरांच्याही कामीं आलें. ब्रिटनमध्यें २०२१ सालापासून पशुवैद्य मांजरांसाठीं तें देऊं लागले, व अमेरिकेंत २०२४ सालीं त्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षीं म्यूनिक येथील पशुवैद्यांनीं दाखविलें कीं, ओल्या प्रकारांत, नीट देखरेख असतां, ८४ दिवसांऐवजीं ४२ दिवसांचा उपचारही तितकाच गुणकारी होऊं शकतो.

हें सारें वाचून कोणी हुरळून जाऊं नये. औषध महाग आहे, कित्येक आठवडे रोज चुकवितां येत नाहीं, वाढत्या वजनाप्रमाणें त्याचें प्रमाण बदलावें लागतें, आणि मधूनमधून रक्त तपासावें लागतें. महाड-पोलादपूरच्या साध्या शेतकरी कुटुंबास हें झेपेलच असें नाहीं. न झेपल्यास त्यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. पशुवैद्यांस तसें मोकळेपणानें सांगावें. मांजराचा त्रास कमी कसा करावा, आणि तो असह्य झाला तर त्यास वेदनेवांचून निरोप कसा द्यावा, हेंही ते सांगतील. पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडणें हा मात्र उपचारही नव्हे व दयाही नव्हे.

(७) माणसांस धोका आहे काय

मांजरांच्या करोना विषाणूपासून माणसांस धोका नाहीं, हें वर सांगितलेंच. उलट बाजूनें पाहिलें तर माणसांच्या कोविडचा विषाणु मांजराच्या कुळास लागूं शकतो. एप्रिल २०२० मध्यें न्यूयॉर्क येथील प्राणिसंग्रहालयांतील वाघांस, आणि मे २०२१ मध्यें हैदराबाद येथील आठ आशियाई सिंहांस तो झाल्याचें आढळलें. घरच्या मांजरांस तो झाला तर बहुधा सौम्य असतो, व तो माणसापासून मांजराकडे जातो. मांजरापासून माणसास झाल्याचीं उदाहरणें अगदीं विरळा आहेत. म्हणून नियम असा कीं, घरांत कोणी कोविडनें आजारी असेल तर त्यानें मांजरापासून दूर राहावें. मांजरास घराबाहेर काढण्यानें कांहींच साधत नाहीं.

पाळण्यांतील बाळासंबंधीं सांगावयाचें तर, मांजराच्या विष्ठेंत इतर कांहीं जंतू असूं शकतात. त्यामुळें ती जागा बाळाच्या आवांक्याबाहेर असावी, ती साफ केल्यावर हात साबणानें धुवावे, आणि गर्भवती स्त्रियांनीं तें काम दुसऱ्याकडे द्यावें. मांजर चावलें किंवा ओरबाडलें तर जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून लगेच दवाखान्यांत जावें; रेबीजची भीति तेथें खरी आहे.

(८) घरांत काय करावें

पहिलें, जितकीं मांजरें नीट सांभाळतां येतील तितकींच ठेवावीं. शक्य तर त्यांची नसबंदी करून घ्यावी.

दुसरें, पावसाळ्यांत राख किंवा वाळू भरलेलीं दोन-तीन घमेलीं पडवींत वेगवेगळ्या जागीं ठेवावीं, विष्ठा रोज काढून दूर पुरावी, आणि अन्नाचीं भांडीं त्या जागेपासून लांब असावीं.

तिसरें, जागा धुण्यास पाण्यांत मिसळलेलें ब्लीच पुरे होतें; नंतर साध्या पाण्यानें धुवून जागा वाळूं द्यावी. फिनाइलसारखीं कार्बोलिक जातीचीं द्रव्यें मांजरास विषारी आहेत. पंजांवाटे तीं पोटांत जातात.

चौथें, आणि हें सर्वांत महत्त्वाचें: मांजरास ताप आहे म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कधींही देऊं नये. ती पचविण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत नाहीं. एका गोळीनेंही त्याचें रक्त प्राणवायु वाहून नेईनासें होतें व तें मरतें.

पांचवें, पिलांस पॅनल्यूकोपेनिया व रेबीज यांच्या लसी टोंचून घ्याव्या. आंतड्यांच्या करोनावर मात्र सर्वत्र शिफारस केली जाईल अशी लस नाहीं.

सहावें, एक पिलूं या रोगानें गेलें असेल तर नवें पिलूं आणण्यापूर्वीं जागा स्वच्छ करून दोन महिने तरी थांबावें.

शेवटचें, दोन दिवसांहून अधिक काळ जें मांजर खात नाहीं तें पशुवैद्यांस दाखवावें. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाईम्हशींपुरताच आहे असा आपल्याकडे समज असतो, तो बरोबर नाहीं. तेथें न झालेल्या तपासणीसाठीं मुंबई आहे. परळ येथें १८८६ सालीं निघालेलें पशुवैद्यक महाविद्यालय अद्याप चालू आहे.

पालकहो, मांजर कांहीं मिरविण्याची वस्तु नाहीं, तें घरचें काम करणारें जनावर आहे. २२ जुलै २०२१ रोजीं आपलें महाड पाण्याखालीं गेलें, तें कोण विसरेल? पुरानंतर उंदरांच्या मूत्रानें पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती साऱ्या कोंकणास असते. भाताच्या कणगीपाशीं रात्रभर जागणारें मांजर आपण एका नांवाच्या भीतीनें घालवावें, हें शहाणपणाचें नाहीं.

आतां त्या मुलाची हकीकत पुरी करितों. मुंबईच्या पशुवैद्यांनीं सारें ऐकून घेतलें व म्हणाले, “वर्णनावरून हाच रोग असण्याचा संभव फार आहे, पण तपासणीवांचून खात्रीनें सांगतां येणार नाहीं.” मीं मुलाच्या घरीं गेलों. आजींस म्हटलें, “आजी, हा करोना माणसांचा नव्हे. बाळास त्याचें भय नाहीं. आणि पिलूं मेलें त्यांत नातवाचा कांहीं दोष नाहीं. मीच त्यास नीट सांगितलें नाहीं.” त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही इतक्या लांबून एका मांजरासाठीं आलांत, तर राहूं द्या त्याला.” त्या दिवशीं त्या मुलानें पडवींत राखेचीं दोन घमेलीं ठेविलीं. हें लिहीत असतां तें मांजर सुखरूप आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. मांजरांचा करोना व माणसांचा कोविड हे दोन वेगळे रोग कसे, तें उदाहरणानें स्पष्ट करा.
२. सौम्य विषाणु घातक कसा होतो? वहींतील नकलेच्या दृष्टान्तानें समजावून द्या.
३. पावसाळ्यांत हा संसर्ग वाढण्यास कोणतीं कारणें होतात? तुमच्या घरीं त्यावर काय उपाय करितां येईल?
४. फुगलेलें पोट पाहून लगेच रोगाचें नांव सांगणें कां अयोग्य आहे?
५. घरांतील कोणत्या दोन नेहमींच्या वस्तू मांजरास विषारी आहेत? त्या घरच्या मंडळींस आज सांगा.